आत्याची की आत्यांची?

आज ऑफिसात माझा पारा चढला तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

आमचा वार्षिक अहवाल छपाईला जायचाय. त्यातलं एक प्रकरण कर्मचाऱ्यांनी पाठवलेल्या सूचनांचं आहे. 46 जणांनी लिहिलंय, काहींनी तर दोन-दोन पानं. आणि प्रकरणाचा इंग्रजी मथळा काय? ‘एम्प्लॉयी’, पुढे अपॉस्ट्रॉफी (अक्षरांच्या वरच्या बाजूला येणारं ते स्वल्पविरामासारखं चिन्ह), मग एस. म्हणजे एकाच माणसाच्या सूचना! मजकूर बघणाऱ्या मुलाला म्हटलं, “अरे, ते चिन्ह एसच्या नंतर घे.” तो म्हणाला, “मॅडम, अर्थ कळला ना? मग झालं की.”

हेच उत्तर मी आधी एकदा ऐकलंय.

माझ्या दोन आत्या. दोघींनी लग्न केलं नाही, दोघी इंग्रजी शिकवायच्या, एकाच घरात राहिल्या आणि पगारातून पुस्तकं घेत गेल्या. थोरली गेल्यावर धाकटीने सगळी पुस्तकं एका वाचनालयाला द्यायची ठरवली. प्रत्येक पुस्तकात आतून चिकटवायची चिठ्ठी इंग्रजीत मी लिहून दिली : माझ्या आत्यांच्या संग्रहातून. छापून आली तेव्हा चिन्ह एसच्या आधी सरकलेलं. छापणाऱ्याला फोन केला, तर म्हणे अर्थ कळतोय ना. धाकटी आत्या चिठ्ठी हातात धरून बराच वेळ बघत बसली. मग मला म्हणाली, “यातली कुठली आत्या ठेवलीस गं?”

मराठीत ‘आत्याची पुस्तकं’ आणि ‘आत्यांची पुस्तकं’ यांत फरक किती? एका टिंबाचा. ते टिंब गाळलं तर आपण लगेच हटकतो. (हो, एकाच आत्याला मान देऊनही ‘आत्यांची’ म्हणतात, ठाऊक आहे मला.) इंग्रजीत तेच काम ते चिन्ह करतं. मालक एक असेल तर आधी चिन्ह, मग एस. मालक अनेक असतील आणि एस आधीच लागलेला असेल, तर चिन्ह शेवटी. ‘चिल्ड्रन’सारख्या एस नसलेल्या अनेकवचनाला पुन्हा चिन्ह आणि मग एस. आणि मालकीच नसेल, नुसत्या पुष्कळ वस्तू असतील, तर चिन्हाचं तिथे काही काम नाही. एवढंच आहे! यात न झेपण्यासारखं काय आहे?

आणि हे कानाला कळत नाही, डोळ्यालाच कळतं. पुष्कळ बहिणी, एका बहिणीचं, पुष्कळ बहिणींचं : बोलताना तिन्ही ‘सिस्टर्स’च. इथे देवनागरीत लिहितानाही ते तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून तर कागदावरच्या त्या खुणेला एवढं महत्त्व. माझ्या आत्या दोन होत्या हे त्या चिठ्ठीत दुसरं कोण सांगणार होतं?

‘इट्स’बद्दल तर बोलायलाच नको. मोठमोठ्या पदांवरची माणसं ‘त्याचं’ लिहायच्या जागी ‘ते आहे’ लिहून मोकळी होतात. आपण कधी ‘मीचं घर’ म्हणतो का? ‘माझं’ म्हणतो. सर्वनामाला मालकीचं स्वतःचं रूप असतं. इंग्रजीतही तसंच : हिज, हर्स, अवर्स, आणि त्याच रांगेतलं इट्स. यातल्या कुणालाच चिन्ह लागत नाही. चिन्हवालं ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ आखडून लिहिलेलं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये, इतकं ते आपल्याजवळचं आहे.

आता कुणीतरी म्हणेल की सतराव्या शतकात इंग्रजच मालकीचं ‘इट्स’ चिन्ह लावून लिहीत, आणि एसनंतरचं चिन्ह तर बरंच उशिरा रुळलं. खरं आहे. लिहीत असतील. पण रुळलं ना शेवटी? का रुळलं? गरज होती म्हणून.

ब्रिटनमध्ये जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने 2001 साली या चिन्हाच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. 2019 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी, त्यांनी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. आजच्या काळातलं अज्ञान आणि आळस जिंकले, असं ते म्हणाले. ती बातमी वाचून मला रडू आलं होतं. खरंच आलं होतं. संस्थेसाठी नाही, मला ती चिठ्ठी आठवली म्हणून.

हे टाइप करता करता जरा शांत झालेय. तो मुलगा वाईट नाही. त्याला हे कुणी कधी समजावलंच नसेल. इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा, माझीही तिसरीच. आणि दुपारी मी त्याच्यावर सगळ्यांसमोर आवाज चढवला, ते चुकलंच. पण ‘मग झालं की’ हे मी ऐकून घेणार नाही. ज्याने दोन पानं लिहून दिली तो माणूस मथळ्यातून गायब झालेला चालत असेल, तर त्याला सूचना पाठवायला सांगितलंच कशाला?

या चिन्हाची एक गोष्ट आत्यांनीच मला सांगितली होती. जुन्या इंग्रजीत मालकी दाखवायला बऱ्याच नामांच्या शेवटी ई आणि एस अशी दोन अक्षरं यायची. पुढे ई गळला, आणि हे चिन्ह त्याच्या रिकाम्या जागेवर बसलं. दोघींपैकी कुणी सांगितली ते आता आठवत नाही. एकीने सुरुवात करायची आणि दुसरीने पुरी करायची, असंच असायचं त्यांचं.

त्या चिठ्ठ्या आम्ही पुन्हा छापल्या नाहीत. धाकटी आत्या म्हणाली, राहू दे, मी करते. मग चार दिवस रोज दुपारी ती खिडकीपाशी बसली आणि प्रत्येक चिठ्ठीवर पांढऱ्या शाईने आधीचं चिन्ह झाकून एसच्या पुढे काळ्या पेनाने नवं काढत गेली. सहाशेच्या वर पुस्तकं होती. मी मदतीला बसले तर माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

मथळा मी मघाशी दुरुस्त केलाय. उद्या सकाळी त्या मुलाला बोलावून आधी माझ्या चढलेल्या आवाजाबद्दल सॉरी म्हणणार आहे, आणि मग त्या चिठ्ठीचा फोटो दाखवणार आहे.