समुद्र पाळणं सोपं नाही भावा

कोल्हापुरात माणसानं म्हैस पाळावी, पैलवान पाळावा, अगदीच हौस असली तर फुटबॉलची टीम पाळावी. समुद्र पाळू नये. पण हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचं मनात आलं आणि आपल्याकडं एकदा मनात आलं की विषय संपला. दोन क्लाऊनफिश आहेत, बिचारे काही मागत नाहीत. मागतंय ते पाणी.

खरं कोरल, म्हणजे प्रवाळ, आमच्याकडं नाही हे आधीच सांगतो. आपल्या समुद्रातलं कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळं त्या वाटेला जायचंच नाही. माझा सगळा आटापिटा दगडांवर कोरलाईन शेवाळ चढावं म्हणून. गुलाबी-जांभळा कडक थर असतोय तो, पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून वाढतो. आणि इतकं करून घरी येणारा प्रत्येक पाव्हणा विचारतो, दगडाला रंग कुणी मारला?

कागदावर सगळं सोपं आहे. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग), अल्कलिनिटी ८ ते १२ डीकेएच (हे तिचं मोजायचं माप), पीएच ८.१ ते ८.३. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद आणि पीएच म्हणजे आम्ल ते अल्कली या पट्टीवर पाणी आत्ता कुठं उभं आहे ते, दोन्ही वेगळं, हे मी घरात इतक्या वेळा समजावलंय की आता मी तोंड उघडलं की लोक चहा टाकायला उठतात.

टेस्ट करणं हा वेगळाच कार्यक्रम. काचेच्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं आणि औषधाचे थेंब मोजत टाकायचे. अल्कलिनिटीला निळ्याचं पिवळं होईपर्यंत, थेंबाला एक डीकेएच. कॅल्शियमला गुलाबीचं निळं होईपर्यंत, थेंबाला २० पीपीएम. आता गुलाबी नक्की कधी निळं झालं हे पुरुष माणसानं ठरवायचं म्हणजे अवघड आहे, म्हणून आईला बोलवतो. ती नळी खिडकीपाशी धरते, साडीचा पदर बघावा तशी फिरवून बघते आणि म्हणते, "निळा कुठला, वांगी कलर आहे हा. घाल अजून एक." घातला. "हं, आता चिंतामणी झाला." म्हणजे आईच्या एका शब्दावर आमचं कॅल्शियम २० नं वाढतं. यावर अपील नाही.

अल्कलिनिटी वाढवायला खायचा सोडा चालतो, आणि तोच ओव्हनमध्ये भाजला तर त्याचा धुण्याचा सोडा होतो, मग तो पीएचसुद्धा वर ढकलतो. रविवारी सकाळी केकच्या ओव्हनमध्ये नुसता सोडा भाजणाऱ्या मुलाकडं बघून आई काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराईड. ही दोन पाणी एकमेकांना भेटू द्यायची नाहीत, एक टाकलं की थांबायचं, फिरू द्यायचं, मग दुसरं. इचलकरंजीचा मेहुणा आला होता, त्यानं मदत म्हणून दोन्ही मापं एकाच कोपऱ्यात एकदमच ओतली. बघता बघता टँकचा पांढरा रस्सा झाला. कॅल्शियम आणि कार्बोनेट जागेवरच एकत्र येऊन खडू झाला आणि पाण्यातलं दोन्ही कमी. मेहुणा आहे, बोलायची सोय नाही.

शेजारच्या काकांचं म्हणणं, एवढं कशाला करतोस, चुना टाक की. हसू नका, ते बरोबर आहे. चुन्याची निवळी म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही एकदम, शेवाळाला लागतं त्याच मापात. फक्त निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून रात्री थेंब थेंब सोडायची, उडून गेलेल्या पाण्याच्या बदल्यात. आणि चुना पाहिजे शुद्ध. काकांनी लगेच खिशातली तंबाखूची डबी पुढं केली होती.

पण सगळ्यात नाठाळ पीएच. रात्री लाईट बंद झाले की शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वास मात्र सगळ्यांचा चालू, कार्बन डायॉक्साईड पाण्यात साठतो आणि सकाळी पीएच खाली. ते एक वेळ समजू शकतो. पण आमचा पीएच घरातल्या माणसांवर चालतो. पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद, रविवारी मटण, गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटलेल्या, पाव्हणे आलेले, आणि टँकमध्ये ७.८. पावडर टाकून काही होत नाही, खिडकी उघडली की चढतो. मी खिडकी उघडतो, पाऊस सोफ्यावर, बाबा म्हणतात "मासं पाण्यात हायत ती हायत, आम्हाला कशाला भिजवालास?" आता मी पीएचचा आकडा बघायचंच कमी केलंय, अल्कलिनिटी रोज एका जागी राहिली तरी खूप झालं.

तीच राहत नव्हती. कितीही टाका, दुसऱ्या दिवशी खाली, कॅल्शियमपण खाली, हिटरवर पांढरी खपली. दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅग्नेशियम किती आहे भावा? १३०० च्या आसपास पाहिजे. ते कमी असलं तर बाकीची दोन टिकतच नाहीत, खडू होऊन बसतात." त्याचं कीट वेगळं, पैसे वेगळे, रंग वेगळा.

मागवलंय. आईनं आधीच सांगून ठेवलंय की तिचा चष्म्याचा नंबर वाढलाय.