लेकीला मायनस दीड, अन् कट्ट्यावरचं भांडण

काल संध्याकाळी लातूरला आमच्या कट्ट्यावर नेहमीचे चौघं जमलो होतो, मी, मास्तर, दाजी अन् चष्म्याच्या दुकानात कामाला असलेला अण्णा. चहा यायच्या आधीच मी सांगून टाकलं की पोरीला नंबर लागलाय, दोन्ही डोळ्याला मायनस दीड, अजून तिसरीतच आहे. फळ्यावरचं दिसत नव्हतं म्हणून शेजारच्या पोरीच्या वहीत बघून उतरवून घ्यायची, अन् आम्हाला घरात कुणालाच पत्ता नाही. हे सांगताना आवाज बसला माझा.

दाजी लगेच म्हणले, "मोबाईल काढून घ्या हातातला, संपला विषय. आमच्या टायमाला कुणाला होते चष्मे?"

"तुमच्या टायमाला फळ्यावरचं दिसत नाही म्हणलं की त्या पोराला ढ म्हणायचे," मास्तर बोलले, "नंबर काढायला नेत कोण होतं? पण वाढलंय हे खरंय, माझ्याच वर्गात दरवर्षी चष्मे वाढायलेत."

अण्णाचं म्हणणं, ब्लू कटची काच टाक, मोबाईलचा निळा उजेड अडतो, डोळे वाचतात. इथं मला राहवलं नाही. डॉक्टरनी मला स्पष्ट सांगितलं होतं की त्यानं नंबर थांबत नाही, अन् 2023 ला कॉक्रेन म्हणून जगभरातलं औषधपाण्याचं संशोधन तपासणारी संस्था आहे, तिनं 17 चाचण्या एकत्र तपासल्या तर डोळ्यावरचा ताणसुद्धा ब्लू कटनं कमी होतो असं काही दिसलं नाही. मोबाईलपेक्षा कितीतरी जास्त निळा उजेड तर उन्हातून येतो. अण्णा चिडला, "म्हणजे आम्ही गिऱ्हाईकाला फसवायलोत का?" मी म्हणलं बाबा तू नाही, तुला जे सांगितलंय तेच तू पुढं सांगतोस, पण पैसे आमच्या खिशातनं जातात अन् वरून आपण निर्धास्त होतो, ते जास्त वाईट.

खरी गोष्ट अशीय की लहान लेकराचा डोळा वाढायचा असतो, अन् सारखं जवळचं बघून, घरातच बसून तो मागच्या बाजूला जरा जास्त लांब होतो, म्हणून दूरचं धूसर दिसतं. एक मिलिमीटर जास्त वाढला तरी अडीच-तीन नंबर होतो. अन् एकदा लांबलेला डोळा परत आखूड होत नाही, नंबर उतरवणारे व्यायाम अन् गाजराचा रस कुणी कितीही सांगू दे.

मास्तरनं मुद्दा काढला की मग पुस्तक पण जवळचंच की, त्याला कुणी काही म्हणत नाही. बरोबर आहे, पण पुस्तक लेकरू हातभर लांब तरी धरतं, मोबाईल नाकाला लावून बघतं, अन् पुस्तकाचा कंटाळा येतो, मोबाईलचा येत नाही. म्हणून दाजीचं मला अर्धंच पटतं. मोबाईल काढून घेतला अन् पोरगं त्याच खोलीत टीव्हीपुढं बसवलं तर काय मिळवलं? त्याला बाहेर काढायला पाहिजे. चीनमधल्या ग्वांगझोऊत शाळेत पहिलीच्या पोरांना रोज 40 मिनिटं जास्तीची उघड्यावर काढायला लावली, तीन वर्षांनी बघितलं तर बाकीच्या शाळांत शंभरात साधारण 40 जणांना नंबर लागला होता, यांच्यात 30 जणांना. 2015 ला छापून आलंय हे. उघड्यावरच्या भरपूर उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं अन् ते डोळ्याची ही वाढ आवरतं असं मानतात.

"मे महिन्यात पाठव मग 42 डिग्रीत," दाजी. अहो भर दुपारी कोण म्हणायलंय, सकाळी शाळेच्या आधी अन् साडेपाचनंतर, टोपी घालून. लिंबाच्या सावलीत खेळलं तरी चालतंय, तिथं पण घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी पट उजेड असतो. पण हा फायदा मुख्य करून नंबर लागायच्या आधीच असतो, म्हणून धाकट्याला मी आतापासूनच ग्राउंडवर न्यायलोय. पोरीला पूर्ण नंबरचा चष्मा, दिवसभर, अन् दर सहा महिन्याला तपासणी. दाजी म्हणले सतत लावला की नंबर वाढतो. नाही वाढत, उलट कमी नंबरचा देऊन काटकसर करू नका.

हे चालू असताना दाजींचं रील बघणं चालूच होतं. मास्तरनं घड्याळ लावून त्यांच्या पापण्या मोजल्या, मिनिटात पाच वेळा. मग फोन खाली ठेवायला लावून गप्पांत गुंतवलं अन् परत मोजल्या, सोळा. दाजींचा विश्वासच बसेना. पापणी लवली नाही की डोळ्यावरचं पाणी सुकतं, त्यात आपल्याकडची कोरडी हवा, धूळ अन् फुल पंखा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं, आमच्या कट्ट्यावरनं वीस फूट म्हणजे रस्त्यापलीकडचं लिंबाचं झाड.

"मी ड्रॉप टाकतो की," म्हणून दाजींनी खिशातनं बाटली काढली. मेडिकलवाल्यानं दिलेली, लाली लगेच जाते म्हणून दीड वर्षापासून चालू. मास्तरनं चाळिशी लावली, मी टॉर्च धरला, बारीक अक्षरात डेक्सामेथासोन. स्टेरॉईड. अण्णा पण गप्प झाला, त्याला माहिती होतं. हे असं महिनोन्महिने टाकलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन तरी होतं, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, अन् बऱ्याचदा दुखत पण नाही म्हणून कळत नाही.

दाजी बराच वेळ बाटलीकडं बघत बसले. मग म्हणले, "डाव्या डोळ्यानं कडंचं जरा कमी दिसायलंय रे, मला वाटलं वयामुळं." नुसतं बंद करून घरी बसू नका, बाटली संगं घेऊन डोळ्याच्या डॉक्टरकडं चला म्हणलं. सकाळी साडेनऊला मी गाडी घेऊन त्यांच्या दारात जाणारय.