रविवारचा मेगाब्लॉक

सोमवार ते शनिवार मी पहाटे पाच चाळीसला उठतो. हौस नाही हो, ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये बसायला जागा हवी तर दुसरा इलाज नाही. जागा मिळाली की मुलुंड यायच्या आत डोळा लागतो आणि कुर्ल्यापर्यंत माझी मान शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडलेली असते. आठवड्यातले तीन-चार दिवस तो खांदा एकाच गृहस्थांचा असतो. आमची ओळख नाही, पण हल्ली ते खांदा जरा खाली घेऊन बसतात.

ही सहा दिवसांची थकबाकी मी रविवारी वसूल करतो. शनिवारी रात्री दोनपर्यंत मोबाइल, मग सकाळी दहापर्यंत ताणून द्यायची. उठतो तेव्हा उजव्या भुवईवर कुणीतरी पान्याने नट आवळत असतं. रोज पाच तासांवर भागवताना ज्या डोक्याने हूं की चूं केलं नाही, ते आठ तास मिळाल्यावर बोंबलतं!

घरात निदानांना तोटा नाही. आई सुंठ उगाळून लेप लावते. तो वाळला की कपाळ असं ताणतं की भुवई उंचावायचीही चोरी. बायकोचं निदान एका शब्दात आटोपतं, "मोबाइल." मुलाला संशय आहे की हे दुखणं भाजीची पिशवी दिसली की उठतं.

शेवटी नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. मी मनाने स्कॅनपर्यंत पोचलो होतो. त्यांनी विचारलं, "रविवारी पहिला चहा कधी?"

"दहा-सव्वादहाला."

"आणि शनिवारचा शेवटचा?"

"पाचला, ऑफिसात."

त्यांनी बोटं मोजली. "सतरा तास. रोजच्या चहाबाजाचं कॅफीन तुटलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरायला लागतं. त्यात तुम्ही उठण्याची वेळही चार तास पुढे ढकलता. घोरता का?"

"विचारूच नका," बायको म्हणाली. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचंही सकाळी डोकं दुखतं म्हणे, म्हणून तीही तपासणी लिहून दिली. वर दम दिला, की महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस गोळ्या खाल्ल्या तर पुढे गोळ्यांमुळेच डोकं दुखेल.

"आणि रविवारीही पावणेसहालाच उठायचं. रात्री सात तास झोपा, पण रोज."

"अहो, रेल्वेसुद्धा रविवारी मेगाब्लॉक घेते!"

"मग सोमवारी गाड्या वेळेवर धावतात?"

यावर ठाणेकर काय बोलणार?

पुढच्या रविवारी पाच चाळीसला उठलो. डोकं हलकं, पण करायचं काय? तलावपाळीला एक फेरी मारली, कटिंग घेतला आणि बाकावर टेकलो. वारा छान होता. जाग आली ती कुणीतरी हलवल्यामुळे. शेजारी एक आजोबा खांदा चोळत बसले होते.

"कुठे उतरायचंय तुम्हाला?"