40 पैकी 24

ज्योतिषाच्या बाजूने एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 2008 साली पुण्यात नारळीकरांनी ज्योतिषाची चाचणी घेतली खरी, पण घेणारेच विरोधक, त्यामुळे निकाल ठरलेलाच होता, 27 जणांवरून अख्खं शास्त्र खोटं ठरत नाही, पत्रिकेवरून बुद्धी कळते असं म्हटलंय कोणी, आणि आम्हाला आलेल्या अनुभवांचं काय?

पहिला आक्षेप रास्त आहे. डॉ. जयंत नारळीकर किंवा त्यांच्यासोबत चाचणी घेणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर या विषयात तटस्थ नव्हतेच. म्हणून तर त्यांच्या मताला शिरायला फटच राहू नये अशी प्रयोगाची मांडणी होती. 100 हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अपंगत्व असलेली 100 मुलं, अशा 200 जणांच्या जन्मवेळांवरून पत्रिका बनवल्या, प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक दिला. कुठला क्रमांक कोणाचा, ही माहिती पुणे विद्यापीठात जपून ठेवलेली. ती ज्योतिषांना ठाऊक नाही आणि प्रयोग करणाऱ्यांनाही नाही. प्रत्येक ज्योतिषाला चिठ्ठ्या उचलाव्यात तशा निवडलेल्या 40 पत्रिका मिळाल्या. मूल कुठल्या गटातलं, एवढंच सांगायचं. उत्तर स्वतःलाच ठाऊक नसेल तर माणूस लबाडी करणार तरी कशी?

आता ते 27. पत्रिका 51 जणांनी मागवल्या, उत्तरं 27 जणांची आली. पण 27 जण म्हणजे 1080 उत्तरं, हे मजकूर लिहिणारा विसरतो. नाणं उडवूनही 40 पैकी 20 च्या आसपास बरोबर येतातच. म्हणून किमान 28 बरोबर हवेत, असा निकष होता. निव्वळ नशिबावर तेवढे शंभरात जेमतेम एकाला जमतील. सगळ्यांत पुढे राहिलेला गडी 24 वर थांबला. सरासरी 46 टक्के. एका ज्योतिष संस्थेने तर सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या, त्यांतल्या 102 बरोबर, म्हणजे पुन्हा नाण्याइतक्याच! 2009 साली हे सगळं ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय.

पत्रिकेवरून बुद्धी कळत नसेल, तर ज्यांनी उत्तरं भरून पाठवली त्यांनी काय पाहून भरली? हां, लग्न कधी जमेल याबद्दल ही चाचणी अवाक्षर काढत नाही. तो दावा वेगळा, त्याची तपासणीही वेगळी.

राहिला अनुभव. आमच्या आत्याला ‘परदेशगमनाचा योग’ सांगितला होता. वर्षं गेली, पासपोर्टही काढला नाही. मग यात्रा कंपनीबरोबर ती पशुपतिनाथाला जाऊन आली आणि योग खरा ठरला. मी म्हटलं, भाकित ऐकल्या दिवशीच तारीख घालून वहीत लिहायचं, कधीपर्यंत आणि कशाला ‘खरं’ म्हणायचं तेही लिहायचं, आणि चुकलेली भाकितंही मोजायची.

‘‘मग काय, नेपाळ परदेश नाही?’’ आत्या म्हणाली.

आहे की. पण ते काठमांडूहून परत आल्यावर ठरलं.