दीडशे पीएसआय म्हणे!

टायरात हवा भरायचं बॅटरीवरचं मशीन घेतलंय. डब्यावर ठळक अक्षरांत १५० पीएसआय, म्हणजे हवेचा दाब. खाली ट्रकचं चित्र, शेजारी कुठल्यातरी गोऱ्या कुटुंबाचं गाडीमागं ओढायचं फिरतं घर, आणि चाकापाशी गुडघ्यावर बसून हसणारा बाप. हसतोयस कशाला मर्दा? तुझ्या चाकाच्या आत आणि एक चाक नाही म्हणून हसतोयस.

काल रात्री बेळगावकडनं गोव्याला जाताना जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालेलो. मागं कोबी आणि मिरची, पहाटे म्हापशात पोचायला पाहिजे. डाव्या बाजूचा मागचा टायर बसला. बाहेरचा नव्हे, आतला! ४०७ म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, मागं दोन्ही बाजूंना जोडीनं दोन-दोन चाकं; ४०७ वाल्यांना पुढचं सांगायला नको. मोबाईल दातात धरून, बाहेरच्या रिमच्या भोकातून हात घालून व्हॉल्व चाचपत बसलो. आणि या मशीनची पाईप केवढी? वीतभर. त्यात तोंड आट्यांचं. म्हणजे त्या भोकात दोन बोटांनी ते फिरवत बसायचं, बोटांची सालटी काढायची, आणि आटे बसेपर्यंत उरलीसुरली हवा फुस्स करून तोंडावर घ्यायची. बरं, पाईप आखूड म्हणून मशीन खाली ठेवता येत नाही. एका हातानं धरून उभं राहायचं. उभं पण नाही, वाकून.

स्क्रीनवर ३८. शंभरावर सेट केलं, बटण दाबलं. आवाज तर असा की कणकुंबीपर्यंत गेला असेल. ४५... ५२... ५८... ६१. मग ६१. मग पण ६१. मग स्क्रीनवर लाल थर्मामीटर आला आणि मशीन गप्प. पुस्तकात लिहिलंय, दहा मिनिटं चालवा आणि मग थंड होऊ द्या. मिरची माझी सुकायलीय आणि विसावा याला पाहिजे!

१५० पर्यंत दाब करतं म्हणे. करेल की, सायकलच्या टायरात करेल. मिनिटाला हवा किती लिटर ढकलतं तो आकडा मुंगीच्या अक्षरांत डब्याच्या बुडाशी, नाहीतर नाहीच. दाब चढेल तसा दट्ट्या दर फेरीला हवा कमी ढकलतो आणि तापतो मात्र जास्त, हे ट्रकचं चित्र काढणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. आणि ती बॅटरी! वर २० व्होल्ट लिहिलंय, ते फक्त चार्जरवरनं काढल्या काढल्या. कामाला लागली की १८. दोन अँपिअर-अवर धरले तर ३६ वॉट-अवर झाले. तेवढ्यात घरातला पंखा अर्धा तास फिरला तर नशीब, आणि यावर म्हणे ट्रकची चाकं भरा.

बॅटरी आणि चार्जर वेगळा घ्यायला लावला ते तर बोललोच नाही. डबा फोडला तर आत नुसतं मशीन. मेहुणा म्हणाला, "दाजी, असंच असतंय, बेअर टूल म्हणतात." मेहुण्याला सगळं माहीत असतं, पण पैसे देऊन झाल्यावर.

हे घ्यायची पाळी तरी का आली? पेट्रोल पंपावर फुकट हवा द्यायलाच पाहिजे असा नियम आहे म्हणून. संकेश्वरापासून खानापुरापर्यंत कुठल्याही पंपावर जावा, हवेचं मशीन बिघडलेलं, नाहीतर हवा मारणारा पोरगा जेवायला गेलेला. रात्री अकराला पण जेवायलाच! आणि चालू असलं तर एका पंपावरचे ९० पुढच्या पंपावर ७८ होतात. गाडी गरम, टायर गरम, मग तर कुठल्याच आकड्याला अर्थ नाही.

बायकोला फोन केला. म्हणजे रेंज येईपर्यंत अर्धा किलोमीटर चालत मागं गेलो आणि मग केला. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुमच्या डोक्यातली हवा काढली तर चारी टायर भरतील." सहा आहेत म्हणून मी तिच्यावर पण ओरडलो. रात्री दोनला, जंगलात, हातात गरम डबडं घेऊन टायर मोजून दाखवणारा माणूस मीच.

शेवटी हुबळीकडची दहाचाकी आली. ड्रायव्हर उतरला, "एनायतु अण्णा?" काय झालं म्हणून विचारलं. मी मशीन दाखवलं. त्यानं ते उलटंसुलटं केलं, "इदु सायकलगे," हे सायकलसाठी आहे म्हणाला आणि त्याच्या केबिनमधनं लांबलचक पाईप काढली. त्याच्या ब्रेकला हवा लागते, टाकीत शंभराच्या वर कायम भरलेली. एक टोक टाकीला, दुसरं माझ्या टायरला, इंजिन रेसवर. बिडी संपायच्या आत काम झालं. पैसे घेतले नाहीत. माझ्या गाडीचा ब्रेक तेलावर चालतो, म्हणून माझ्या नशिबी बॅटरी!

आज कस्टमर केअरला लावला. कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्लिशसाठी तीन. मराठीसाठी नुसतं गाणं ऐका. दोन दाबलं. बाई फार गोड बोलली. आतल्या चाकासाठी लांब पाईप मिळते म्हणे. वेगळी घ्यावी लागते. आणि आमच्या पिनकोडला डिलिव्हरी नाही.