पितळेची की पोलादाची?

ॲरिझोनातल्या फिनिक्ससारख्या रखरखीत शहरात पंचवीस वर्षे संगणकासमोर बसून काढली की पन्नाशीत माणसाला काहीतरी लागतेच. माझ्या मित्रांना गोल्फ लागला, मला काउबॉय ॲक्शन शूटिंग लागले. या खेळात एकोणिसाव्या शतकातला पोशाख करून, कमरेला दोन रिव्हॉल्व्हर लटकावून, समोरच्या पोलादी पाट्यांवर ठरलेल्या क्रमाने आणि होईल तितक्या लवकर गोळ्या झाडायच्या असतात. एक नेम चुकला की 5 सेकंदांचा दंड. 1987 साली स्थापन झालेल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमाने प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावे लागते आणि ते आधी कोणी घेतलेले असून चालत नाही. ‘सांगली स्लिम’ हे नाव मला मागताक्षणी मिळाले. त्यातल्या उत्तरार्धाला घरून हरकत आली, परंतु तोवर नोंद झालेली होती.

टोपी, बूट, जाकीट हे सगळे आठवड्यात जमले. रायफल ठरायला मात्र पाच महिने लागले.

रायफल लिव्हर-ॲक्शन आणि पिस्तुलाच्या काडतुसाची हवी, एवढे ठरलेले होते. चापाभोवतीचे कडे बोटांनी खाली ढकलले की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि घोडा ताणला जातो. कडे वर ओढले की पुढचे काडतूस जागेवर बसते. इतक्या साध्या यंत्राविषयी इतकी ठाम मते असू शकतात, हे मला मैदानावर जाईपर्यंत ठाऊक नव्हते. तिथला प्रत्येक म्हातारा स्वतःची रायफल आग्रहाने माझ्या हाती देई आणि दुसऱ्याच्या रायफलीचे दोष, वधूपक्षाकडे गुपचूप पोहोचवावेत तसे, कानात सांगून जाई.

पहिली हाती आली ती 1860 ची हेन्री. हिच्यात 16 काडतुसे मावतात, हे खरे. पण ती तोंडाकडून भरावी लागतात आणि नळीखाली लाकूडच नाही. जून महिन्यात फिनिक्समध्ये ती नळी धरणे म्हणजे तापल्या तव्याची कड धरणे. शिवाय काडतुसे संपत जातील तशी त्यांना ढकलणारी एक खुंटी नळीखालच्या खाचेतून मागे सरकत येते आणि डाव्या हाताला अडून बसते, म्हणून मध्येच हात उचलून तिला वाट द्यावी लागते. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला द्यावी तशी. जॉन ब्राउनिंगने घडविलेली 1892 ची विंचेस्टर हलकी, मजबूत आणि खिशाला परवडणारी होती, म्हणूनच बहुधा माझे मन तिच्यावर बसले नाही. मार्लिन 1894 पुंगळ्या बाजूला फेकते. विंचेस्टर त्या वर उडवते, आणि वर गेलेली गरम पुंगळी नेमकी कॉलर आणि मान यांच्यामध्ये कशी उतरते, याचा मी प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे.

उरल्या दोघी. 1873 ची पोलादी विंचेस्टर, जिचे कडे लोण्यातून फिरावे तसे फिरते आणि जी या खेळातले पट्टीचे नेमबाज डोळे मिटून घेतात. आणि तिची थोरली बहीण, 1866 ची ‘यलो बॉय’, जिच्या आजच्या इटालियन प्रतिकृतीची चौकट, म्हणजे यंत्र बसवलेला मधला भाग, लखलखीत पितळेची असते. मी तक्ते केले, वजने लिहिली, .45 कोल्ट या काडतुसाचा धक्का आणि काजळी यांची .38 स्पेशल या दुसऱ्या काडतुसाच्या सौम्यपणाशी तुलना केली. पण खरे सांगायचे तर ती पितळी चौकट दिव्याखाली दिसली तेव्हाच सगळे ठरले होते, पुढचे पाच महिने मी केवळ कारणे जमवीत होतो.

“घासणार कोण ती?” एवढेच बायकोने विचारले. मी तो प्रश्न टाळला.

खरेदीच्या दिवशी केंद्र सरकारने माझी पार्श्वभूमी वीस मिनिटांत तपासून मला निर्धोक ठरविले. घरची तपासणी अजून चालू आहे.

पहिल्या सामन्यात काडतुसे भरण्याच्या टेबलावर मी बसलो. 1866 च्या बाजूला एक लहानशी स्प्रिंगची झडप असते. तिच्यातून अंगठ्याने एकेक काडतूस आत दाबायचे आणि शेवटी झडप मिटताना अंगठ्याची कातडी सोडवून घ्यायची. माझ्या आजोबांचे धान्याचे दुकान होते, त्यामुळे मोजताना तोंडून सवयीने “लाभ, दोन, तीन” असेच निघते. दहा मोजून होताच शेजारच्या निरीक्षकाने ‘लाभ’ म्हणजे किती, असे अतिशय गंभीरपणे विचारले आणि सगळी काडतुसे पुन्हा मोजून घेतली.

घंटा वाजली. घाईत चाप न ओढताच मी दोनदा कडे फिरविले, एक जिवंत काडतूस धुळीत गेले, तीन पाट्या चुकल्या. इतक्या जवळच्या आणि इतक्या मोठ्या पाट्या चुकविण्यालाही कसब लागते, असे एकाने मला दिलासा म्हणून सांगितले. रायफलीची मात्र सर्वांनी तारीफ केली.

रात्री मी ओट्याशी बसून बोटांचे काळे डाग पडलेली ती चौकट पीतांबरीने घासत होतो. बायकोने थोडा वेळ पाहिले, मग देवघरातून समई, निरांजन आणि तांब्या आणून शेजारी ठेवला.

“आता बसलाच आहेस तर एवढी उरकून टाक.”