रतीब आणि खाडा

नाशिकमध्ये दुधाचा रतीब बंद करायला एक वाक्य पुरतं. सकाळी साडेसहाला दार अर्धं उघडून म्हणायचं, "भाऊ, उद्यापासून नको." भाऊ किटलीचं झाकण लावत विचारतो, "गावाला चालले का?" झालं. महिनाअखेरीला खाडे वजा करून हिशेब. आमच्या नाशिकरोडला नोटा छापतात म्हणून की काय, पैसा हातातून जाताना डोळ्यांना दिसावा ही इथली जुनी खोड. ऑनलाइन रतीबवाल्याला, म्हणजे अ‍ॅपच्या सबस्क्रिप्शनवाल्याला, मात्र खाडा हा शब्दच माहीत नाही. महिनाभर तुम्ही त्याचं तोंडही पाहिलं नाही, तरी दूधवाल्याच्या आधी तो खात्यातून 299 रुपये उचलून मोकळा.

त्यावर लोकांचा पहिला उपाय ठरलेला: अ‍ॅप उडवणं. आयकॉनवर बोट दाबायचं, अनइन्स्टॉल करायचं आणि लढाई जिंकल्यासारखा चहा मागवायचा. हे म्हणजे दूधवाल्याला काही न सांगता पातेलं माळ्यावर टाकणं. दूध येतच राहतं, फक्त पायरीवर सांडतं.

कारण गाठी दोन असतात. एक सबस्क्रिप्शनची, दुसरी मॅंडेटची, म्हणजे खात्यातून परस्पर पैसे घ्यायला दिलेल्या परवानगीची. अ‍ॅप ही गाठच नव्हे. आधी सबस्क्रिप्शन सोडवायचं, मग मॅंडेट. उलट केलंत तर विकणाऱ्याच्या वहीत तुम्ही गिऱ्हाईकच राहता. पैसे आले नाहीत म्हणून तो चार दिवस सवलत देतो, आणि प्ले स्टोअरवर तुम्ही दुसरी पेमेंट पद्धत राखीव म्हणून जोडलेली असेल तर तिथून हात घालतो.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर टिचकी, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, मग सबस्क्रिप्शन्स. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव, त्यात सबस्क्रिप्शन्स. इथे निम्म्या लोकांना यादी रिकामी दिसते आणि ते "आपण तर काही घेतलंच नव्हतं" असं म्हणत बँकेत जातात. घेतलेलं असतं, पण दुसऱ्या जीमेलवरून. मुलाच्या शाळेसाठी काढलेलं, जुन्या फोनवरचं, किंवा ज्याचा पासवर्ड फक्त मेहुण्याला माहीत आहे असं. फोटोवर टिचकी मारून खातं बदला, रतीब सापडेल. तिथेही नसेल तर तो कंपनीच्या वेबसाइटवरून लागलेला आहे. मग तिथेच लॉगिन करून अकाउंट किंवा बिलिंगमध्ये शोधायचं.

कॅन्सल दाबलं की मात्र आपला निरोप समारंभ सुरू होतो. नाशिककर पाहुण्याला उंबरठ्यावर अर्धा तास थांबवतात, पण निदान हातात चिवड्याची पुडी तरी देतात. इथे आधी कारण विचारतात, मग निम्म्या किमतीत राहा म्हणतात, मग एक भलंमोठं रंगीत बटण येतं: "राहू द्या". त्याच्या खाली, चष्मा पुसून पाहावं लागेल अशा राखाडी अक्षरांत, "तरीही रद्द करा". मधेच "पॉज" नावाचा सज्जन भेटतो. त्याच्या नादी लागू नका. मुदत संपली की तो आपण होऊन जागा होतो. या असल्या सापळ्यांवर केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. डार्क पॅटर्नचे, म्हणजे गिऱ्हाईकाला चकवणाऱ्या अशा मांडणीचे, 13 प्रकार, त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप एक. राखाडी अक्षरं अजून राखाडीच आहेत.

आता दुसरी गाठ. यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रोफाइल, ऑटोपे, चालू असलेल्या मॅंडेटची यादी, त्यातलं रद्द करा, पिन. कार्ड असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ई-मॅंडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन या नावाखाली बघा. ही यादी एकदा निवांत वाचाच. "1 रुपयात 7 दिवस" म्हणून पिन टाकला होता ना? तिथे लिहिलेलं असतं: 1,499 रुपयांपर्यंत, दरमहा, आणि शेवटची तारीख अशी की तोवर नातवाचं लग्न उरकेल. तो 1 रुपया मोठ्या अक्षरांत होता, एवढंच. बहुतेक वसुल्यांना 15,000 रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपीही विचारत नाहीत.

बँक आधी कळवत नाही, हा आरोप मात्र मला पटत नाही. कळवते. किमान 24 तास आधी कोणाला, किती, कधी हे सांगायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ती वसुली तिथल्या तिथे नाकारताही येते. तो मेसेज कर्जाच्या ऑफर आणि प्लॉटच्या जाहिराती यांच्या मधे चेंगरून पडलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

पैसे गेलेच तर रविवार कारंजावरच्या शाखेत जाऊन फसवणूक झाली म्हणून ओरडू नका. पिन तुमचाच होता. गुगल प्लेवर 48 तासांच्या आत परताव्याची विनंती टाका, अ‍ॅपलचं पान वेगळं आहे. रद्द केल्यावरही वसुली झाली तर मात्र बँकेत लेखी तक्रार आणि ग्राहक हेल्पलाइन 1915. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका. पलीकडचा "सर, एक छोटं अ‍ॅप टाका, स्क्रीन दाखवा" म्हणाला की 299 च्या रतीबापायी अख्खी म्हैस जाते. गेलीच, तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.

रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट. तक्रारीत तोच पुरावा. तो निघत नाही, कारण फोन गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलाय. स्क्रीनवर लगेच पाटी येते: जागा संपली, जास्तीची जागा घ्या, पहिला महिना अगदी नाममात्र, पुढे आपोआप.